रुग्णवाहिकेमागचा वैद्य

भोंगा वाजवीत रुग्णवाहिका निघाली, की माणसे वाट देतात आणि आता रोगी योग्य हाती पडला, अशी मनाची समजूत करून घेतात. ही समजूत खरी ठरावयाची, तर गाडीतील माणसांना कोणी शिकविले, त्यांच्या चुका कोण तपासतो आणि अखेरचे उत्तरदायित्व कोणाचे, या तीन प्रश्नांना नेमके उत्तर असावे लागते. अमेरिकेला ते शोधण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले.

तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या १९६६ च्या अहवालानुसार देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका-सेवा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्यांच्या हाती होती. कारण साधे होते : आडवा देह नेता येईल अशी गाडी त्यांच्यापाशी होती. पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग येथे ‘फ्रीडम हाऊस’ ही सेवा उभी राहिली. डॉ. पीटर सफर यांनी गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय बेकार तरुणांना प्राणरक्षणाचे कसून शिक्षण दिले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन तिच्या वैद्यकीय संचालक झाल्या. त्या स्वतः गाडीबरोबर जात. १९७५ मध्ये ही सेवा बंद पडली. परंतु तिचा धडा मागे उरला. डॉक्टर नसलेली माणसेही रस्त्यावर प्राण वाचवू शकतात. मात्र त्यांच्या पाठीशी जबाबदारी घेणारा वैद्य हवा.

हा वैद्य घडवावा कसा? २०१० मध्ये अमेरिकेत आपत्कालीन वैद्यकीय सेवा ही वैद्यकाची स्वतंत्र उपशाखा म्हणून मान्य झाली आणि २०१३ मध्ये तिची पहिली परीक्षा झाली. पदव्युत्तर शिक्षण पुरे केलेला डॉक्टर तीत एक वर्षाची फेलोशिप घेतो. तो गाडीबरोबर फिरतो, नियंत्रणकक्षाचे काम पाहतो, कर्मचाऱ्यांसाठी उपचाराचे नियम लिहावयास आणि झालेल्या उपचारांच्या नोंदी तपासावयास शिकतो. मोठ्या दुर्घटनेत शेकडो जखमींतून आधी कोणाला उचलावे, याचाही तो अभ्यास करतो.

एवढे शिकलेल्या डॉक्टरला आणखी एक वर्ष कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु रुग्णालयात डॉक्टरच्या हाताशी प्रकाश असतो, परिचारिका असते, प्रयोगशाळा असते. तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद जिन्यात यांपैकी काहीच नसते. हृदय थांबलेल्या रोग्यावर जागीच उपचार करावेत की त्याला तडक हलवावे, जवळचे रुग्णालय गाठावे की दूरचे पण सुसज्ज, हे निर्णय दुसऱ्याने, दुसऱ्या ठिकाणी, काही क्षणांत घ्यावयाचे असतात. आपण कधीही न पाहणार असलेल्या रोग्यांसाठी उत्तरदायी राहणे, ही निराळीच विद्या आहे आणि ती रुग्णालयाच्या चार भिंतींत आपोआप येत नाही.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ‘१०८’ ची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि गाडीत डॉक्टर असणे हे तिचे वैशिष्ट्य ठरले. ते भूषणावह आहे, यात संशय नाही. परंतु गाडीत बसणारा डॉक्टर आणि साऱ्या गाड्यांच्या उपचारांची जबाबदारी वाहणारा वैद्य, ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्याने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. उलट एकट्या पडलेल्या तरुण डॉक्टरलाच मार्गदर्शकाची गरज अधिक भासते.

सेवेचा विचार निघाला, की आपल्याकडे गाड्यांची संख्या मोजली जाते. गाड्या पैशाने एका वर्षात विकत मिळतात. त्यांच्यामागचा वैद्य मात्र तयारच करावा लागतो. नव्या गाड्यांची मागणी करताना त्या वैद्याच्या शिक्षणाची सोय काय, हेही विचारण्याची सवय समाजाला लागली पाहिजे.