तुरीच्या मुळावरचे लाल दाणे

पिपरी मेघे आता वर्धा शहराला इतकी चिकटली आहे की शहर कुठे संपले ते सांगणे अवघड. घरांची रांग सरली की काळी जमीन लागते आणि कपाशीच्या ओळींमधून तुरीचे तास दिसू लागतात. जूनमध्ये पेरलेली तूर दिवाळीनंतर फुलोऱ्यात असते, शेंगा धरू लागते. नेमक्या याच वेळी एखादे भरदार झाड मान टाकते. जमिनीत ओल असते, पानांवर अळी दिसत नाही, तरीही पाने पिवळी पडून लोंबू लागतात आणि झाड उभ्या उभ्या वाळते. मग त्याच्या शेजारचे. काही दिवसांत तासात वाळलेल्या झाडांचा एक पट्टाच पडतो.

शेतकरी त्याला ‘मर’ म्हणतो, कृषी विद्यापीठही मर रोगच म्हणते. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने 1975 ते 1980 या काळात देशभर केलेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या तुरीत मरीचे सरासरी प्रमाण 22.6 टक्के आढळले होते, म्हणजे पाच झाडांमागे एकाहून अधिक. ही मर नेमकी कोण घडवते, यावरून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक वाद झाला. वनस्पती रोगशास्त्राचे पुस्तक उघडले की रोगकारक, यजमान, परजीवी, मृतोपजीवी, वाहक या व्याख्या एकाखाली एक पाठ करायच्या म्हणून येतात. तुरीचा इतिहास वाचला की यातली एकेक व्याख्या किती कष्टाने मिळवलेली आहे ते दिसते.

1899 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले अर्विन स्मिथ यांनी कापूस, कलिंगड आणि चवळी यांच्या मरीवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. स्मिथ हे त्या काळातले दबदब्याचे नाव. जिवाणूंमुळे झाडांना रोग होतात की नाही यावर त्यांनी जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड फिशर यांच्याशी छापील लढाई केली आणि ती जिंकलीही. मरीने मेलेल्या झाडांच्या मुळांवर त्यांना बुरशीची बारीक, नारिंगी-लाल दाण्यांसारखी फळे दिसली. त्यांनी त्या बुरशीला निओकॉस्मोस्पोरा हे नाव दिले. झाडाच्या रसवाहिन्यांत सापडणारी फ्युजॅरियम ही याच बुरशीची दुसरी अवस्था, आणि तिन्ही पिकांची मर तिच्याच प्रकारांमुळे होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढची दहा वर्षे तो सर्वसाधारणपणे मान्य राहिला.

त्याला धक्का बसला तो बिहारमधल्या पुसा इथे. एडविन जॉन बटलर हे आयर्लंडचे, शिक्षणाने डॉक्टर. विसाव्या शतकाच्या आरंभी ते सरकारचे बुरशीतज्ज्ञ म्हणून हिंदुस्थानात आले. माणसांचे रोग शिकलेला हा माणूस वीस वर्षे इथल्या झाडांचे रोग पाहत राहिला. तुरीच्या मरीचे काम त्याने ज्या चिकाटीने केले, ते आजच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे असे आहे. मेलेल्या तुरीच्या मुळांवर बटलर यांनाही ते लाल दाणे दिसले. स्मिथ यांच्या निष्कर्षावर विसंबून ते तिथेच थांबले असते तर कोणी दोष दिला नसता.

त्यांनी दोन्ही बुरशा वेगवेगळ्या वाढवल्या. नुकत्याच कोमेजू लागलेल्या, अजून जिवंत असलेल्या तुरीच्या रसवाहिन्यांतून मिळालेली फ्युजॅरियम एकीकडे आणि मेलेल्या मुळांवरची निओकॉस्मोस्पोरा दुसरीकडे. निओकॉस्मोस्पोरा दिलेली निरोगी तूर निरोगीच राहिली. फ्युजॅरियम दिलेली तूर मेली. आणि त्या फ्युजॅरियमला लाल दाणे कधी धरलेच नाहीत. 1910 साली त्यांनी हे सारे सविस्तर प्रसिद्ध केले आणि खऱ्या रोगकारकाला फ्युजॅरियम उडुम हे नाव दिले. लाल दाण्यांची बुरशी मृतोपजीवी होती. झाड मेल्यावर मुळांवर वाढणारी, त्याला मारणारी नव्हे. लगोलग 1911 मध्ये अमेरिकेत हिगिन्स यांनीही चवळीच्या मरीबाबत स्मिथ यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढला.

रोगट झाडावर जे दिसते ते सगळे रोगाचे कारण नसते, हा धडा रॉबर्ट कॉख यांनी माणसांच्या रोगांसाठी आधीच नियमांत बांधला होता: रोग्यात जीव सापडावा, तो वेगळा वाढवता यावा, निरोग्याला दिल्यावर तोच रोग व्हावा आणि तोच जीव पुन्हा मिळावा. बटलर यांच्या कामात हे नियम शेतातल्या मातीत राबताना दिसतात.

वर्ध्याच्या शेतात या वादाचा आणखी एक पैलू रोज डोळ्यांसमोर असतो. तूर मरते, पण तिला खेटून उभी असलेली कपाशी त्या बुरशीने मरत नाही. कपाशीची मर घडवणारी फ्युजॅरियम वेगळी. दोन्ही बुरशा जमिनीतूनच बारीक मुळांवाटे आत शिरतात, रसवाहिन्यांत वाढून पाण्याची वाट अडवतात, तरी प्रत्येकीचा यजमान ठरलेला. म्हणून तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतले तर मर कमी होते. फेरपालटाचा सल्लाही त्यातूनच येतो, कारण जमिनीतल्या धसकटांवर ही बुरशी सुमारे तीन वर्षे टिकते. मरीचे झाड ओळखायचे तर खोडाचा बुंधा उभा चिरून पाहावा. आतल्या रसवाहिन्या तपकिरी-काळ्या दिसतात आणि बाहेर सालीवर जमिनीपासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा असतो. धुईने करपलेल्या किंवा पाण्यावाचून सुकलेल्या तुरीत हे दिसत नाही. पाने सुकलेली पाहूनच फवारणीचे औषध घ्यायला धावणे हा पैशाचा शुद्ध नाश आहे. रसवाहिन्यांत बसलेल्या बुरशीपर्यंत पानांवरचा फवारा पोहोचत नाही.

तुरीचा दुसरा मोठा रोग म्हणजे वांझ रोग, आणि त्याची गोष्ट अगदी उलटी. मरीत आरोप चुकीच्या बुरशीवर गेला होता, वांझ रोगात आरोप ठेवायला कोणी सापडतच नव्हते. झाड मरत नाही. उलट हिरवेगार, झुडपासारखे दाट राहते. पाने बारीक, फिकट-गडद ठिपक्यांची होतात आणि फुले येतच नाहीत. 1931 साली पुसा इथून त्याची पहिली नोंद झाली. 1952 मध्ये एस. पी. कपूर यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या तुरीवर काम करून दाखवले की हा रोग कलमातून निरोगी झाडात जातो, म्हणजे विषाणूचा संशय रास्त आहे. 1962 मध्ये सेठ यांनी वाहक शोधला: एरिओफिड कोळी, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, भिंगाशिवाय न दिसणारा. पण विषाणू हाती येईना. रोगट पानांचा रस चोळून तो निरोगी तुरीत जाईना आणि विषाणू बुरशीसारखा बशीत वाढवता येत नाही, त्यामुळे कॉख यांचे नियम इथे अडले. इक्रिसॅट आणि स्कॉटलंडमधली एक संशोधन संस्था यांनी मिळून विसावे शतक संपताना तो वेगळा केला आणि 2003 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पहिल्या नोंदीपासून त्याला सत्तर वर्षे लागली.

या सत्तर वर्षांत शेती थांबली नव्हती. विषाणू अनोळखी असतानाही वाणाची निवड चालूच राहिली. मरीला दाद न देणारी ‘मारुती’ ही तूर महाराष्ट्रातल्याच एका स्थानिक वाणातून निवडलेली. 1986 मध्ये ती कर्नाटकात प्रसारित झाली, पण वांझ रोगापुढे ती हरते. दोन्ही रोगांना तोंड देणारी ‘आशा’ 1993 मध्ये आली. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या केंद्राने लाल दाण्याची बीएसएमआर-736 आणि पांढऱ्या दाण्याची बीएसएमआर-853 दिली. प्रतिकारशक्ती हा शब्द इथे मोजूनमापून वापरावा लागतो: ती एकेका रोगकारकापुरती असते. कोणता वाण मरीला चिवट आणि कोणता वांझेला, हे पिशवीवर वाचून बियाणे घेणारा शेतकरी निम्मे काम पेरणीपूर्वीच करतो.

उरलेले निम्मे धुऱ्यावर आहे. काढणीनंतर विहिरीजवळ, धुऱ्यावर किंवा परसात चार-दोन झाडे घरच्या शेंगांसाठी राखली जातात. उन्हाळाभर हिरवी राहिलेली ही झाडे आणि पुन्हा फुटलेला खोडवा कोळ्याला आणि विषाणूलाही जगवतात. जूनची नवी तूर उगवली की कोळी वाऱ्यावर तिच्यावर येतो, आणि पहिल्या दीड महिन्यात लागण झाली तर त्या झाडाला जवळजवळ काहीच धरत नाही. सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र पिपरी मेघेपासून फार लांब नाही. गावोगावच्या शेतकरी मेळाव्यांत औषधांच्या याद्यांआधी हे सांगायला हवे: वांझ झाड दिसताच उपटून जाळा, आणि मे संपण्यापूर्वी धुऱ्यावरची जुनी तूर काढा. एका शेताने काढून भागत नाही, शिवार एकत्र लागते.