उत्सवानंतर शिल्लक काय?
बालसाहित्याच्या येत्या पर्वानिमित्ताने

शरद ऋतू ओसरू लागला की यवतमाळ जिल्ह्यात दोन हंगाम बरोबरीनेच सुरू होतात. पहिला कापसाचा. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीचा माल बाजारात येतो, जिनिंग चालू होतात आणि वणी, पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव, पुसद येथील पेढ्यांना दिवसाचे तास अपुरे पडू लागतात. दुसरा हंगाम पुस्तकांचा. तो तितका गाजावाजा करीत नाही. परंतु शाळा, सार्वजनिक ग्रंथालये आणि साहित्यसंस्था यांच्या दिनदर्शिकेत ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बालवाचकांसाठी राखून ठेवल्यासारखाच असतो. या दुसऱ्या हंगामाकडे व्यापारी कुटुंबांनी यंदा थोडे निराळ्या दृष्टीने पाहावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

पर्वाचे दिवस

या पर्वाचा आरंभ १५ ऑक्टोबरला होतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिन महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर १४ नोव्हेंबर, बालदिन. त्याच दिवसापासून २० नोव्हेंबरपर्यंत राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह चालतो. साहित्य अकादेमी २०१० पासून देत असलेल्या बालसाहित्य पुरस्कारांचा संबंधही याच दिवसाशी जोडला गेला आहे. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन आणि अखेरीस २ एप्रिलला आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन. हान्स ख्रिश्चन अँडरसन या डॅनिश कथाकाराचा हा जन्मदिवस असून १९६७ पासून तो जगभर साजरा होतो. याशिवाय राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या वतीने जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरतो.

साहित्याचा सोहळा यवतमाळला नवा नाही. १९७३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले, तेव्हा अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते. 'गीतरामायण' लिहिणाऱ्या याच कवीने 'देवबाप्पा' चित्रपटासाठी 'नाच रे मोरा' लिहिले, आणि मराठी घरांतील कित्येक पिढ्यांचे बालपण त्या गाण्यावर नाचले. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे संमेलन पुन्हा यवतमाळातच झाले. डॉ. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या आणि उद्घाटन कळंब तालुक्यातील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर त्यांनी एकटीने संसार सावरला होता. ज्या जिल्ह्यातील असंख्य घरांचे प्रश्न त्या दिवशी व्यासपीठावर आले, त्याच घरांतील मुलांच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक कितीदा पडते, हा प्रश्न मात्र संमेलनाबरोबर संपलेला नाही.

मांडव आणि मूल

बालसाहित्याच्या कार्यक्रमाचे एक ठरलेले रूप आहे. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय भाषण आणि आभार. मुले गणवेशात रांगेने बसलेली असतात. पुस्तकांची दालने मांडवाच्या कडेला असतात. भाषणे आटोपेपर्यंत शाळेची गाडी परतीला निघालेली असते. सायंकाळी विक्रेते आपले गठ्ठे बांधतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते.

या सोहळ्यांना मोल नाही असे कोणी म्हणू नये. दिंडीमुळे गावाला पुस्तक दिसते आणि लेखकाला प्रत्यक्ष पाहिल्याचा आनंद मुलांना वर्षानुवर्षे पुरतो. तथापि कोणताही व्यापारी हंगामाच्या शेवटी जो प्रश्न विचारतो, तो येथेही विचारला पाहिजे: शिल्लक काय राहिली? किती पुस्तके गावात मागे उरली, किती मुलांनी ती उघडली आणि त्यांना ती वाचून दाखविणारे कोण होते? या तीन प्रश्नांची उत्तरे सहसा कोणत्याही अहवालात आढळत नाहीत.

चित्र म्हणजे सजावट नव्हे

लहान मुलांच्या पुस्तकाविषयी एक समजूत दृढ आहे. मजकूर हे पुस्तक आणि चित्र ही त्याची शोभा, असे मानले जाते. वस्तुतः ज्या मुलाला अक्षरओळख झालेली नाही ते चित्रच वाचते. चांगल्या चित्रपुस्तकात शब्द सांगत नाहीत अशी गोष्ट चित्र सांगते. आजी चिडली आहे असे मजकुरात लिहिलेले असते आणि चित्रात तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू लपलेले असते. मूल ते ओळखते आणि शब्दांपलीकडे पाहण्याची पहिली सवय त्याला तेथेच लागते.

मराठीत ही जाण ठामपणे मांडणाऱ्यांत माधुरी पुरंदरे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्या स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रेही काढतात. 'वाचू आनंदे' या त्यांच्या संपादनात साहित्यातील वेच्यांबरोबर चित्रकलेचे नमुनेही मुलांसमोर ठेवलेले आहेत. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाने सुरू केलेल्या बिग लिटल बुक पुरस्काराच्या पहिल्या लेखिका त्याच ठरल्या. या दुसऱ्या पुरस्काराचे वैशिष्ट्य असे की तो लेखकाबरोबर चित्रकारालाही दिला जातो. अँडरसनच्या नावाने दिल्या जाणाऱ्या जागतिक सन्मानातही १९५६ मध्ये लेखकांपासून आरंभ झाला आणि १९६६ पासून चित्रकारांना स्वतंत्र पुरस्कार मिळू लागला.

महाराष्ट्रात 'बालभारती'ने नोव्हेंबर १९७१ मध्ये 'किशोर' मासिक सुरू केले. त्याची मुखपृष्ठे आणि आतील चित्रे पाहतच अनेकांचे बालपण सरले. 'किशोर'चे जुने अंक आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, ही बाब पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. मात्र त्या चित्रकारांपैकी कितींची नावे आपल्या स्मरणात आहेत? आपल्या घरातील बालपुस्तकावर चित्रकाराचे नाव शोधून ते मुलाला मोठ्याने वाचून दाखविणे, एवढ्यानेही एक चांगला आरंभ होऊ शकतो.

या जिल्ह्याला चित्राचा हा विषय परका नाही. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी या भागांत गोंड, परधान आणि कोलाम समाजाची मोठी वस्ती आहे. शेजारच्या मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकारांनी आपली परंपरागत चित्रशैली पुस्तकात आणली. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती यांच्या चित्रांचे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे पुस्तक २००८ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील बालपुस्तक मेळ्यात गौरविले गेले. ज्यांच्या हातात कला आहे त्या समाजातील मुलांपर्यंत चित्रपुस्तक पोहोचत नाही, ही विसंगती दूर करण्यासारखी आहे.

म्युनिकचे उदाहरण

उत्सवातून कायमची शिल्लक कशी उभी राहते, याचे एक बोलके उदाहरण युरोपात सापडते. येला लेपमन ही जर्मन ज्यू पत्रकार स्त्री हिटलरच्या राजवटीत देश सोडून इंग्लंडला गेली होती. १९४५ मध्ये ती उद्ध्वस्त जर्मनीत परतली. तिने २० देशांना पत्रे लिहिली आणि तेथील उत्तम बालपुस्तके व चित्रे भेट म्हणून मागितली. जर्मनीचे आक्रमण सोसलेल्या बेल्जियमने प्रथम नकार दिला. तिने पुन्हा पत्र लिहिले आणि तेथूनही पुस्तके आली. ३ जुलै १९४६ रोजी म्युनिकमध्ये बालपुस्तकांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन उघडले. फर्डिनांड नावाच्या, झुंजण्याऐवजी फुलांचा वास घेत बसणाऱ्या बैलाची गोष्ट तिने स्वतः जर्मनमध्ये आणली आणि साध्या वर्तमानपत्री कागदावर तिच्या ३०,००० प्रती छापून मुलांना वाटल्या.

प्रदर्शन संपल्यावर पुस्तके परत गेली नाहीत. त्यांतूनच १९४९ मध्ये म्युनिकचे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले आणि ते आजही चालू आहे. २ एप्रिलचा बालपुस्तक दिन साजरा करणारी जागतिक संस्था, 'इब्बी', तीही लेपमन यांच्याच पुढाकाराने १९५३ मध्ये स्थापन झाली. दरवर्षी एका देशाची शाखा या दिवसाचे यजमानपद घेते. त्या देशातील लेखक जगभरच्या मुलांना संदेश लिहितो आणि चित्रकार भित्तिचित्र तयार करतो.

पोथी आणि तिचा दाता

हा विचार जैन घरांना नवा वाटण्याचे कारण नाही. पश्चिम भारतातील सचित्र कल्पसूत्रे ही भारतीय चित्रकलेच्या इतिहासातील महत्त्वाची ठेव मानली जातात. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होत असताना त्यातील चित्रे श्रोत्यांना दाखविण्याची प्रथा होती. वाचणाऱ्याचा आवाज आणि ऐकणाऱ्यांसमोर धरलेले चित्र, ही चित्रवाचनाची पद्धत आपल्याकडे शतकानुशतके होती. पंचतंत्राच्या बाबतीतही तेच. जैन मुनी पूर्णभद्र यांनी इ. स. ११९९ मध्ये सिद्ध केलेली त्याची आवृत्ती पुढे अनेक अनुवादांचा आधार ठरली.

या पोथ्यांच्या अखेरच्या पानावर अनेकदा एक प्रशस्ती असते. पोथी कोणत्या श्रावकाने, कोणाच्या पुण्यस्मरणार्थ, कोणत्या गावी लिहवून घेतली, हे तीत नमूद असते. त्या काळीही व्यापाऱ्यांनी मांडव घातले असतील, जेवणावळी घातल्या असतील. त्यांतील फारच थोड्यांची आठवण उरली. पोथीवरील दात्यांची नावे मात्र सहाशे वर्षांनंतरही वाचता येतात. दिवाळीनंतर पाचव्या दिवशी येणाऱ्या ज्ञानपंचमीला घरोघरी ग्रंथ स्वच्छ करून पूजले जातात. त्याच सुमारास बालदिनही येतो. त्या पूजेत एखादे मुलांचे चित्रपुस्तक ठेवून ते दुसऱ्या दिवशी एखाद्या अंगणवाडीला द्यावे, यासारखे ज्ञानदान कोणते?

यंदा काय करता येईल

पहिली गोष्ट देणगीची. कार्यक्रमासाठी वर्गणी मागावयास कोणी आले की व्यापारी सहसा नाही म्हणत नाही. यंदा वर्गणी देताना एक अट घालावी: निम्मी रक्कम पुस्तकांत जावी आणि ती पुस्तके गावातच राहावीत. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची अनेक चित्रपुस्तके शंभर रुपयांच्या आत मिळतात. एका स्मृतिचिन्हाच्या खर्चात तीन-चार सहज येतात. वस्तू व सेवा कराच्या कोष्टकात मुलांच्या चित्रपुस्तकांना ४९०३ हे स्वतंत्र शीर्षक आहे आणि त्यावरील कर शून्य आहे. शासनाने जे करमुक्त ठेवले ते आपण खरेदीच्या यादीतून वगळू नये.

दुसरी गोष्ट वाचून दाखविण्याची. भाषणांतील अर्धा तास कमी करून पंधरा-वीस मुलांमागे एक वाचक नेमावा. पुस्तक मुलांकडे तोंड करून खांद्याच्या उंचीवर धरावे, पान वाचावे आणि थांबावे. मुलांना चित्र पुरेसे पाहू द्यावे. 'तात्पर्य काय?' हा प्रश्न विचारू नये. 'तुला काय दिसले?' एवढेच विचारावे. घरातील आजी, निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन मुली हे काम उत्तम करू शकतात. त्यासाठी व्यासपीठाची गरज नाही, एक सतरंजी पुरते.

तिसरी गोष्ट पेटीची. चाळीस पुस्तकांची एक लोखंडी पेटी तयार करावी. ती दोन महिने एका शाळेत ठेवावी, मग पुढच्या गावी पाठवावी. सोबत एक वही असावी आणि पुस्तक कोणी नेले, केव्हा परत केले याची नोंद मुलांनीच ठेवावी. व्यवहाराचा पहिला धडाही त्यांना त्यातून मिळेल. काही पुस्तके फाटतील. त्यामुळे पेटीला कुलूप लावण्याची चूक अनेक ठिकाणी होते. फाटलेले पुस्तक हा तोटा नव्हे, तो घसारा आहे. प्रत्येक चालू यंत्राला तो असतो आणि जाणता व्यापारी त्याची तरतूद आधीच करून ठेवतो. वर्षभरात एकही पान न दुमडलेली पेटी हाच खरा तोटा.

चौथी गोष्ट मुलांच्या स्वतःच्या पुस्तकाची. ठरावीक घोषवाक्यांवरील चित्रस्पर्धेऐवजी प्रत्येक मुलाला एक मोठा कोरा कागद द्यावा. तो तीनदा दुमडून मध्ये एक छेद दिला की आठ पानांची पुस्तिका होते. तीत मुलाने आपली गोष्ट आपल्या बोलीत, कोलामी, गोंडी, बंजारा किंवा वऱ्हाडीत सांगावी आणि चित्रे काढावीत. मुखपृष्ठावर लेखक व चित्रकार म्हणून त्याचेच नाव असेल. क्रमांक काढू नयेत. सर्व पुस्तिका दोरीवर टांगून गावाला दाखवाव्यात.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. नोव्हेंबरात कापसाची आवक जोरात असते आणि दुकान सोडून मांडवात बसणे बहुतेकांना शक्य होत नाही. परंतु अंगणवाडीसाठी पुस्तकांची यादी करून मागणी नोंदवायला एक संध्याकाळ पुरते आणि रात्री पेढी बंद झाल्यावर स्वतःच्या मुलाला दहा मिनिटे वाचून दाखवायला मुहूर्त लागत नाही. शिवाय पर्वाचा शेवटचा दिवस व्यापाऱ्याच्या सोयीचाच आहे. ३१ मार्चला वर्षाचे हिशेब बंद होतात आणि तिसऱ्या दिवशी, २ एप्रिलला, बालपुस्तक दिन येतो. त्या दिवशी पेटी ज्या शाळेत असेल तेथे जावे, वही उघडावी आणि किती मुलांनी किती पुस्तके नेली ते मोजावे. तो आकडा लहान असला तरी चालेल. पुढील वर्षाची आरंभीची शिल्लक म्हणून तो वहीत मांडावा.