नोटेतली लपवाछपवी, मार्करच्या चित्रात

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. अतिनील दिव्याखाली नोट धरा (दिव्याकडे थेट पाहू नका!): क्रमांक चकाकतो, कागदात विखुरलेले तंतू उजळतात. चित्रातही हे जमतं. पिवळ्या हायलायटरच्या शाईत बहुधा पायरॅनिनसारखं द्रव्य असतं. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून हिरवट प्रकाश बाहेर टाकतं. चित्रातल्या पिवळ्या झेंडूवर या हायलायटरने मुंगी काढली, तर खोलीतल्या मंद उजेडात ती चटकन नजरेत येत नाही. खरी अडचण कागदाची. पांढऱ्याशुभ्र ड्रॉइंग पेपरमध्ये शुभ्रता वाढवणारी रसायनं असतात. दिव्याखाली तोच निळा उजळतो आणि मुंगी हरवते. नोटेचा सुती कागद मात्र काळपटच राहतो, म्हणून तिथले तंतू इतके उठून दिसतात.