कोपऱ्यातलं नाव

मानवत कापसाचं गाव. इथल्या एखाद्या शाळेत संगणकाच्या तासाला फोटो एडिटिंग शिकवायचं तर विषय हाताशीच आहेत. पऱ्हाटीवर फुटलेलं बोंड, जिनिंगच्या आवारातला ढीग, बाजार समितीसमोर लागलेली गाड्यांची रांग. मुलं इंटरनेटवर ‘कापूस वेचणी’ शोधणार, पहिला बरा फोटो उतरवून घेणार, उजेड वाढवणार, पांढऱ्याला आणखी पांढरं करणार. मग खाली उजव्या कोपऱ्यात पुसट अक्षरांत कुणाचं तरी नाव दिसेल. भित्तिपत्रकावर ते बरं दिसत नाही म्हणून तेवढी पट्टी ‘क्रॉप’ होईल. दुसऱ्याचा फोटो वर्गात घ्यावा की नाही, याची धास्ती शिक्षकांना असते. त्या पट्टीबद्दल मात्र कुणालाच काही वाटत नाही. कायदा पाहिला तर धास्ती नेमकी उलट्या जागी आहे.

भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या कलम 52 मध्ये, कोणत्या गोष्टी केल्याने हक्कभंग होत नाही, याची लांबलचक यादी आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्या-शिकण्याच्या ओघात एखाद्या कृतीची प्रत काढणं त्या यादीत बसतं. प्रत काढायला मोकळीक असेल, पण फोटो कातरायला, रंग बदलायला कुठे आहे, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे: मूळ कलाकृतीला असलेली सवलत तिच्या बदललेल्या रूपालाही लागू होते. ही सवलत किती ऐसपैस आहे, हे दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात दिसलं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी 2012 मध्ये विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर दावा लावला. अभ्यासक्रमातली प्रकरणं एकत्र बांधून तो मुलांना विकत होता. 2016 च्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं की, ‘शिकवणं’ म्हणजे फक्त फळ्यापुढचा तास नव्हे. शिकवण्यासाठी जे आणि जेवढं लागतं, ते या सवलतीत येतं. तेव्हा सरावासाठी कापसाचा फोटो घेणाऱ्या मुलाला परवानगीचं पत्र मागायची गरज नाही.

नावाचा हिशेब वेगळा आहे. कलम 57 निर्मात्याला दोन हक्क देतं: कृती आपली आहे असं सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर दाद मागण्याचा. कॉपीराइट विकला तरी हे दोन्ही त्याच्याकडेच राहतात. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये नूतनीकरणात उतरवलं आणि त्याची हेळसांड झाली. शिल्पाची मालकी सरकारचीच होती. तरीही 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग सहगल यांना परत द्यायला लावले, वर पाच लाखांची भरपाई. आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बमलाही हेच तत्त्व लागू आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. पण फोटो कुणी काढला याचं उत्तर त्याने बदलत नाही. शिवाय 2012 च्या दुरुस्तीने कलम 65 ब आलं. निर्मात्याचं नाव, हक्कदाराचा पत्ता अशी फोटोसोबतची माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकणं हा त्यानुसार गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आठवीतल्या पोरावर कुणी खटला भरणार नाही, हे उघड आहे. पण ती पट्टी म्हणजे निव्वळ घाण नव्हे, एवढं तरी तासाला सांगायला काय हरकत आहे?

‘फोटो गूगलवर मिळाला, कुणाचा ते कुठे ठाऊक?’ ही सगळ्यात नेहमीची सबब. गूगल फोटो काढत नाही, दाखवतं. त्याच गूगलला फोटो दाखवून उलटा शोध घेता येतो आणि पुष्कळदा मूळ पान सापडतं. नाहीच सापडलं, तर ‘छायाचित्रकार अज्ञात’ आणि फोटो कुठून घेतला ते लिहावं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ज्यांचा कॉपीराइट कधीच संपला, त्या जुन्या फोटोंना नाव कशाला? राजा दीनदयाळांचं उदाहरण घ्या. मानवत निजामाच्या राज्यात होतं त्या काळातले ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार. 1905 मध्ये वारले. त्यांचे फोटो आज कुणीही वापरावेत. पण इतिहासाच्या तासाला त्यातला एखादा फोटो नावाशिवाय भिंतीवर लागला, तर तो कधीचाही आणि कुठलाही असू शकतो. खाली ‘दीनदयाळ’ असलं की तो 1905 च्या आधीचा, आणि दरबाराने पोसलेल्या नजरेतून काढलेला, हे मुलांना कळतं. म्हणजे नाव काढलं की पुराव्याचं नुसतं चित्र होतं.

आणि शिकवण्याची सवलत शिकवण्यापुरतीच. तेच भित्तिपत्रक शाळेच्या प्रवेशाच्या जाहिरातीत गेलं किंवा यूट्यूबवर चढलं, की शिकवण्याचा आधार सुटतो आणि परवानगीचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणचे फोटो कामाला येतात. तिथल्या बहुतेक फोटोंवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो: वापरा, बदला, पण नाव द्या आणि काय बदललं ते सांगा. काही फोटोंना, बदललेला फोटो त्याच परवान्याखाली पुढे द्या, अशीही अट असते. शिक्षकाच्या मागे आधीच शंभर कामं आहेत, त्यात ही भर कशाला, असं म्हणता येईल. भर फोटोखालच्या एका ओळीची आहे: ‘मूळ छायाचित्र अमुक यांचे, तमुक संकेतस्थळावरून, डावी बाजू कातरली, उजेड वाढवला.’ बालभारतीच्या पुस्तकात मुखपृष्ठ कुणाचं, चित्रं कुणाची, हे सुरुवातीच्या पानावर छापलेलं असतंच. रोज ते पान उलटून पुढे जाणाऱ्या मुलांना ही ओळ लिहायला दोन मिनिटं लागतील. उजेड किती वाढवला हे लिहिताना, वेचणीवालीच्या चेहऱ्यावरची सावलीही आपण पुसली, हे कदाचित एखादीच्या लक्षात येईल.