मॉरिशसला निघताना



आपल्या बारामती-इंदापूर भागात उन्हाळ्यात कारखान्याची गव्हाण रिकामी असते. मॉरिशसचे उलटे! हिंदी महासागरातल्या या बेटावर जूनच्या सुमारास गळीत सुरू होते. म्हणून तिकडचा कारखाना पाहायचा तर आडसाली लागण उरकून ऑगस्ट-सप्टेंबर गाठावा. तेव्हा तिथे हिवाळा असतो. एक स्वेटर ठेवा. कोकणातून गेलेल्यांचे वंशज तिथे गणपती बसवतात, चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण पासपोर्ट, परतीचे तिकीट, मुक्कामाचा कागद आणि खर्चाच्या पैशाचा पुरावा हवाच. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. चलन तिथेही रुपयाच, पण आपली नोट चालत नाही. घड्याळ दीड तास मागे घ्या.

आता खरी गोष्ट. जोमदार ऊस दिसला की शेतकऱ्याचा हात शिवशिवतो. "चार डोळे पिशवीत टाकले तर कुणाला कळतंय?" असे वाटते. तसे करू नका! परवान्याशिवाय बेणे आणणे बेकायदा आहे आणि बेण्यातूनच काणीसारखे रोग पसरतात. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात लोकरी मावा आला, तेव्हा एवढ्याशा किडीने केवढा घोर लावला हे आपण विसरलेलो नाही. मातीचे जोडेसुद्धा जाता-येता स्वच्छ धुवा.

चिपाडावर वीज कशी करतात, ते वहीत टिपून आणा. बेण्यासाठी नीरेपलीकडे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आहेच की!