बहुवारिकांचे ऊर्ध्वपरिवर्तनी दृढीकरण

अवरक्त प्रकाश शोषून त्याचे जंबुपार किंवा निळ्या प्रकाशात रूपांतर करणारे अब्जांश कण द्रवरूप रेझिनात मिसळून त्याचा हवा तेवढाच भाग घट्ट करण्याची पद्धती. 

प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनात एकवारिकांबरोबर प्रकाशक्रियाप्रवर्तक संयुग अल्प प्रमाणात असते. त्याच्यापासून जंबुपार वा निळ्या प्रकाशामुळे मुक्त मूलके निर्माण होतात व एकवारिकांचे रेणू जोडले जाऊन बहुवारिकाचे जाळे बनते. तथापि हा प्रकाश पृष्ठभागाजवळच शोषला वा विखुरला जात असल्याने जाड थराचा अंतर्भाग कच्चा राहतो. दातातील पोकळी भरताना सामान्यतः सु. २ मिमी. जाडीचे थर एकामागून एक घट्ट करावे लागतात, ते याच कारणामुळे.

अवरक्त प्रकाश अधिक खोल जातो. परंतु त्याच्या एका फोटॉनाची ऊर्जा या विक्रियेस पुरेशी नसते. ही अडचण ऊर्ध्वपरिवर्तनाने दूर होते. सोडियम यिट्रियम फ्ल्युओराइडाच्या स्फटिककणातील यिटर्बियमाचे आयन ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून ती ऊर्जा थुलियमाच्या आयनांना टप्प्याटप्प्याने देतात. थुलियमाच्या मधल्या ऊर्जापातळ्या दीर्घकाळ टिकत असल्याने अनेक फोटॉनांची ऊर्जा साठून अखेरीस सु. ३६० नॅनोमीटरचा जंबुपार व ४७५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश बाहेर पडतो. विरल मृत्तिका मूलद्रव्यांच्या आयनांमधील असे ऊर्जासंक्रमण फ्रान्समध्ये ओझेल यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. त्याच सुमारास सोव्हिएट रशियातही ते स्वतंत्रपणे आढळले.

उत्सर्जित प्रकाश आपाती तीव्रतेच्या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने वाढतो. त्यामुळे लेसर शलाकेच्या केंद्रस्थानीच रेझीन घट्ट होते व केंद्र हलवून द्रवाच्या आत आकृती रेखाटता येते. द्विफोटॉन पद्धतीस लागणारा महागडा अतिलघुस्पंद लेसर येथे आवश्यक नसतो; अखंड शलाकेचा साधा लेसर पुरतो. २०२० मध्ये जिवंत उंदरांच्या त्वचेखाली, छेद न देता, कानाच्या आकाराची रचना या तत्त्वाने घडविण्यात आली. २०२२ मध्ये कार्बनी रेणूंनी भरलेल्या अब्जांश कुपींच्या साहाय्याने लाल प्रकाशाचे निळ्यात रूपांतर करून त्रिमितीय मुद्रण साधण्यात आले.

रूपांतराची कार्यक्षमता अल्प असणे, ही या पद्धतीची मुख्य मर्यादा होय. शिवाय पाणी ९८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून तापते व ऊतकांना इजा पोहोचू शकते. म्हणून निओडिमियमाचे आयन घालून ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात.