लॅपटॉपशेजारचा कुत्रा आणि बंद दार

घरून काम करणाऱ्या माणसाचा कुत्रा जवळजवळ दिवसभर त्याच्या सहवासात असतो. हे सुख वाटते तितके निर्धोक नाही, कारण ज्या कुत्र्याने रिकामे घर कधी पाहिलेलेच नाही, त्याला ते एक दिवस अचानक पाहावे लागते. सध्या तो दिवस अनेक घरांत उगवला आहे. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. इतर कंपन्यांनीही दोनाचे तीन, तिनाचे चार दिवस केले. घरची माणसे बसची वेळ पाहू लागली. घरच्या प्राण्यांना मात्र याची कल्पना कुणीच दिलेली नाही.

कॅलिफोर्नियातले डब्लिन हे या बदलाकडे पाहायला योग्य ठिकाण आहे. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडे, टेकड्यांपलीकडच्या ट्राय-व्हॅलीत हे शहर वसले आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ७२ हजारांवर गेली होती आणि त्यात निम्म्याहून अधिक रहिवासी आशियाई वंशाचे होते. सॉफ्टवेअरच्या नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. बे एरियातल्या सहा काउंट्यांनी १६ मार्च २०२० रोजी घरात थांबण्याचा आदेश काढला. डब्लिन ज्या अलमेडा काउंटीत मोडते, तीही त्यात होती. त्यानंतर जेवणाच्या टेबलाचे ऑफिस झाले आणि त्या टेबलाखाली पिल्ले आली. प्राणिकल्याणासाठी काम करणाऱ्या एएसपीसीए या संस्थेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीचा अंदाज असा होता, की महामारीच्या काळात अमेरिकेतल्या सुमारे २ कोटी ३० लाख घरांनी, म्हणजे जवळपास दर पाचांतल्या एकाने, कुत्रा किंवा मांजर घरी आणले. ती पिल्ले आता मोठी झाली आहेत.

डब्लिनमध्ये घरून काम करायचे तर दिवस दोन्ही टोकांना ताणला जातो. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे पहाटेचे सहा असतात. उन्हाळ्यात पुण्याच्या टीमशी त्यांच्या सकाळी नऊ वाजता बोलायचे, तर इथे रात्रीचे साडेआठ होतात. हिवाळ्यात घड्याळे मागे गेली की त्याच साडेआठला पुण्यात दहा वाजलेले असतात. या वेळा आणि मांजराचा स्वभाव एकमेकांना छेदतात. मांजर संधिप्रकाशात शिकार करणारे आहे. ते दुपारभर झोपते आणि पहाटे व तिन्हीसांजेला अंगात वारे भरल्यासारखे धावते. जूनमध्ये डब्लिनचा सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, आणि नेमका तेव्हाच पुण्याच्या टीमचा कॉल लागतो. मांजर मुद्दाम मीटिंग मोडते असा समज पसरला आहे, पण प्रत्यक्षात मीटिंगच त्याच्या शिकारीच्या वेळेवर ठेवलेली असते. यावर उपाय साधा आहे. कॉलच्या अर्धा तास आधी दोरीला बांधलेल्या पिसामागे त्याला दमेपर्यंत पळवायचे आणि मग खायला घालायचे. शिकार, खाणे, अंग चाटणे, झोप हा त्याचा क्रम आहे. तो पूर्ण झाला की ते आपणहून निजते.

कीबोर्डवर बसण्यामागे वेगळे कारण आहे. शरीराची उष्णता टिकवायला जादा ऊर्जा खर्चावी लागू नये, यासाठी मांजराला साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. घरातली हवा २०-२२ अंशांची असते. चालू लॅपटॉप ही त्या खोलीतली सर्वांत उबदार जागा असते, आणि माणसाची नजरही तिथेच खिळलेली असते. शेजारी गरम पॅड घातलेले खोके ठेवले, तर बहुतेक मांजरे तिकडे वळतात. उचलून खाली ठेवण्याचा काही उपयोग होत नाही; उचलणे हासुद्धा त्यांच्या लेखी लाडच असतो.

प्राणी शेजारी असल्याने काम सुधारते का, या प्रश्नावर उत्साहाने बरेच लिहिले जाते, पुरावे मात्र बेताचे आहेत. सर्वाधिक उल्लेख होतो तो रँडॉल्फ बार्कर आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासाचा. तो नॉर्थ कॅरोलायनातल्या रिप्लेसमेंट्स या चिनी मातीची भांडी विकणाऱ्या कंपनीत झाला. तिथे कर्मचाऱ्यांना कुत्रे सोबत आणायची मुभा होती. कुत्रा बरोबर असलेल्यांना दिवस सरेल तसा ताण कमी जाणवला, नसलेल्यांना तो वाढलेला वाटला. कुत्रा घरी ठेवून आलेल्या दिवशी त्याच मालकांचा ताणही इतरांसारखाच चढला. पण ताणाच्या शारीरिक मोजमापात गटांमध्ये ठळक फरक आढळला नाही, हा निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. शिवाय तो अभ्यास कार्यालयातला होता, घरातला नव्हता. जपानमधल्या अझाबू विद्यापीठाच्या मिहो नागासावा आणि ताकेफुमी किकुसुई यांचे २०१५ चे काम अधिक भक्कम आहे. कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, असे त्यांना दिसले. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारे संप्रेरक ते हेच. म्हणून कुत्र्याला ताण घालवण्याचे साधन मानणे चूक आहे. नाते दोन्हीकडून जुळते, आणि तुटल्यावर त्रासही दोन्हीकडे होतो.

हा त्रास आधीच टाळण्याचा सर्वांत चांगला विचार डब्लिनहून फार दूर नाही, बर्कलीत घडला. इयन डनबार मूळचे इंग्लंडचे पशुवैद्य. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात शिकून ते बर्कलीच्या विद्यापीठात आले आणि फ्रँक बीच यांच्यासोबत कुत्र्यांच्या वर्तनावर त्यांनी वर्षानुवर्षे संशोधन केले. लहान पिल्लांना पट्ट्याविना, खेळातून शिकवणारे त्यांचे वर्ग १९८० च्या दशकात सुरू झाले. तोवर कुत्रा सहा महिन्यांचा झाल्यावर साखळीला हिसके देऊन शिकवायचा, अशीच रीत होती. १९९३ मध्ये त्यांनी प्रशिक्षकांची एक संघटनाही स्थापन केली. आज जगभरच्या पिल्लांच्या वर्गांवर त्यांची छाप आहे.

डनबार यांच्या शिकवणीतला घरून काम करणाऱ्यांच्या सर्वाधिक उपयोगाचा भाग असा: पिल्लाला एकटे राहायला शिकवायचे ते मालक घरात असतानाच. पिल्लू घरी येते तेव्हा सगळे त्याच्याभोवती असतात, कुणी रजा काढते, मुले त्याला मांडीवरून खाली उतरू देत नाहीत. मग शाळा-ऑफिस सुरू होते आणि पिल्लू एका दिवसात रिकाम्या घरात पडते. याऐवजी पहिल्या दिवसापासून त्याला दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ वेगळे बसवावे, असे ते सांगतात. थोड्या वेळासाठी पिंजऱ्यासारखी छोटी जागा, जास्त वेळासाठी अंथरूण, पाणी आणि शी-शूची सोय असलेली खोली. दोन्ही ठिकाणी पोकळ रबरी खेळणे हवेच, आणि त्यात भरलेले रोजचे खाणे. ताटलीत वाढलेले जेवण पिल्लू दोन मिनिटांत संपवते. तेच खेळण्यातून उकरून काढायला त्याला बराच वेळ लागतो. चघळता चघळता ते शांत होते. एकटेपण म्हणजे खाऊची वेळ, हे गणित त्याच्या मनात पक्के बसते.

घरातल्या ऑफिसला ही पद्धत जणू मापून शिवल्यासारखी बसते. सकाळी अकराच्या मीटिंगला दार बंद करायचे, पिल्लाला खेळणे द्यायचे, मीटिंग संपल्यावर फारसे कौतुक न करता दार उघडायचे. माणूस पलीकडेच आहे, आवाजही येतो आहे, तरी तो आत्ता मिळणार नाही, हा धडा असा रोज मिळतो. आवाज गाळणारी सॉफ्टवेअर आता इतकी सुधारली आहेत, की पलीकडच्याला भुंकणे ऐकूही येत नाही. त्यामुळे मालकाची लाज वाचते, कुत्र्याची अस्वस्थता तशीच राहते. भुंकल्यावर मुकाट्याने बिस्किट टाकणे हा तर त्याहून वाईट सौदा, कारण भुंकले की खाऊ मिळतो हे कुत्र्याला आठवडाभरात कळते.

ज्या कुत्र्याला हे वेळेत शिकवले नाही, त्याच्यासाठी वाट लांबची आहे. डॉग्ज ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेच्या संशोधकांनी २०२० च्या टाळेबंदीआधीची आणि नंतरची वागणूक ताडून पाहिली. एकूणात विरहाचा त्रास दाखवणारी कुत्री कमी झाली होती, पण पूर्वी काही त्रास नसलेल्यांपैकी दहातल्या जवळपास एकात तो नव्याने दिसला. एकटे राहण्याचे तास ज्यांचे सर्वाधिक घटले होते, त्यांना धोका जास्त होता. विव्हळणे, दार खरवडणे, लाळ गाळणे, शिकवलेले असूनही घरात शू करणे ही त्याची लक्षणे. मालक गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच ती बहुधा सुरू होतात, म्हणून जुन्या फोनचा कॅमेरा चालू ठेवून ती नोंदवता येतात. कुत्रा चौथ्या मिनिटाला बेचैन होत असेल तर सराव तीन मिनिटांचा करायचा, आणि तो निवांत राहू लागला की थोडा वाढवायचा. किल्ल्या, बूट, पाठीवरची बॅग या वस्तू त्याच्या लेखी विरहाच्या खुणा झालेल्या असतात. त्या हातात घेऊन घरातच बसून राहिले की त्यांची धार बोथट होते. परत आल्यावर रागावणे निरर्थकच आहे, कारण कुत्र्याने सूड घेतलेला नसतो, तो घाबरलेला असतो. त्रास तीव्र असेल तर औषधेही आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या आजारासाठी क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये कुत्र्यांकरता मान्यता दिली. ती पशुवैद्याकडूनच घ्यायची आणि सरावाच्या जोडीनेच द्यायची.

घरी जेवणाऱ्या माणसाच्या पानातून कुत्र्याला घास मिळतो, आणि मराठी पानात त्याला घातक गोष्टी बऱ्याच असतात. कांदा-लसूण कच्चा असो वा फोडणीतला, त्याने लाल रक्तपेशी फुटतात. शिऱ्यातल्या बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. द्राक्षे नेमकी कशामुळे विषारी ठरतात हे बराच काळ कोडे होते. २०२१ मध्ये एएसपीसीएच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. तेच आम्ल चिंचेत भरपूर असते, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदीही त्यानंतर प्रसिद्ध झाल्या. म्हणून आमटीत कालवलेली पोळी कुत्र्यासमोर ठेवू नये. साधी कोरडी पोळी किंवा मोकळा भात थोडासा चालतो.

दुपारच्या फेरीला डब्लिनमध्ये दोन बंधने आहेत. पहिले उन्हाचे: किनाऱ्यावर धुके असते तेव्हाही या खोऱ्यात पारा ३५ अंशांपलीकडे जातो आणि डांबर तापून पंजे भाजतात. दुसरे कुसळांचे. मे महिन्यापासून भोवतालच्या टेकड्या सोनेरी होतात, त्यातले बरेच गवत फॉक्सटेलचे असते. त्याची कुसळे पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. नाकपुडीतून, कानातून, बोटांच्या बेचक्यातून ती आत शिरली की बऱ्याचदा शस्त्रक्रियेने काढावी लागतात. सह्याद्रीच्या माळावरून धोतराला कुसळे घेऊन आलेल्यांना त्यांचा चिवटपणा सांगायला नको. प्रत्येक फेरीनंतर पंजे आणि कान तपासायला दोन मिनिटे लागतात.

प्राणी आणायचा असेल त्यांच्यासाठी डब्लिनच्या ग्लीसन ड्राइव्हवर काउंटीच्या शेरीफ कार्यालयाचे ईस्ट काउंटी ॲनिमल शेल्टर आहे, आणि त्याच रस्त्यावर ईस्ट बे एसपीसीएचे केंद्रही. मोठ्या वयाचा, स्वभाव कळलेला कुत्रा तिथे मिळू शकतो आणि घर-ऑफिसला तो पिल्लापेक्षा सोयीचा पडतो. प्राण्यांच्या निवाऱ्यांची अमेरिकेतली स्थिती सुधारण्यात शेजारच्या प्लेझंटनचा मोठा हात आहे. तिथल्या पीपलसॉफ्ट आणि वर्कडे या कंपन्यांचे संस्थापक डेव्ह डफिल्ड यांच्याकडे मॅडी नावाची श्नाउझर जातीची छोटी कुत्री होती. कंपनी उभारण्याच्या ओढग्रस्तीच्या दिवसांत तिने दिलेल्या आनंदाची परतफेड तिच्या जातभाईंसाठी करायची, असे त्यांनी ठरवले. १९९७ मध्ये ती गेली. तिच्या नावाच्या मॅडीज फंडने पुढे निवाऱ्यातल्या प्राण्यांच्या वैद्यकशास्त्राला विद्यापीठांत वेगळा विषय म्हणून उभे राहायला मदत केली. घरून काम करणाऱ्या हजारोंची हजेरी आणि पगार आज वर्कडेच्या प्रणालीत नोंदला जातो. तिचा संस्थापक एका कुत्रीचे ऋण मानतो, ही गोष्ट डब्लिनमधल्या प्रत्येक घर-ऑफिसात माहीत असायला हवी.

राहता राहिला भारतवारीचा प्रश्न. कुत्र्याला सोबत न्यायचे तर भारताच्या प्राणी विलगीकरण सेवेचे ना-हरकत पत्र लागते. परतीचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदलले आहेत. कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि मायक्रोचिप बसवलेला हवा, आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत असल्याने लसीकरणाचे जादा कागदही लागतात. अमेरिकेत दिलेल्या लशीचे प्रमाणपत्र इथल्या कृषी खात्याकडून अमेरिका सोडण्याआधीच प्रमाणित करून घ्यावे, नाहीतर परतताना रक्ततपासणी आणि नोंदणीकृत केंद्रातल्या आरक्षणाचा खटाटोप मागे लागतो. तीन-चार आठवड्यांच्या सुटीसाठी कुत्रा इथेच ठेवणे त्याच्याही दृष्टीने बरे. मात्र अनोळखी घरी पहिली रात्र काढण्याआधी त्याला बंद दारापलीकडे निवांत बसण्याची सवय झालेली असावी. ती लावायला तिकिटे काढल्या दिवसापासून सुरुवात केली तर दोन-तीन महिने हाताशी राहतात.